इर्जिकीचं ताट

इंदू, आज सकाळी कासारी बाजारात गेले होते. तुला आवडणार नाही हे माहीत असून गेले. आणि अडवायला तू नाहीस याचा तिथे पोचल्यावर इतका राग आला की दुकानाच्या पायरीवरच बसून राहिले. भांड्यांच्या त्या दुकानात अजून तेच यंत्र आहे, टर्रर्र आवाज करत ताटावर नाव कोरणारं. जुने शेटजी गेले, आता त्यांचा मुलगा बसतो. त्याने मला ओळखलं. "काकू, त्या दुसऱ्या बाई नाही आल्या का? भांडायला?" म्हणाला. मी म्हटलं, "त्या गेल्या." बिचाऱ्याने हात जोडले आणि मग विचारलं, "मग त्यांच्या नावाचं ताट असेल ना एक? काय टाकू?"

मी काही न सांगता उठून आले. तो काय समजला असेल देव जाणे.

परवाच तुझं तेरावं झालं. (दहाव्याला कावळा लगेच शिवला, बरं का. कुणाला ताटकळत ठेवायची तुला सवय नव्हतीच.) तेराव्याच्या पंगतीतच आपल्या मंडळातल्या बायकांनी ठरवून टाकलं, की घानाला जाणाऱ्या या खेपेच्या ताटांत एक ताट इंदूबाईंच्या नावाचं जाईल. पाठोपाठ तिकडून कोजोचा निरोप आला: "आंटी, बाईचं नाव मराठीत कसं लिहायचं ते कागदावर लिहून फोटो पाठवा." संध्याकाळी तो फोन करणार आहे. त्याला काय सांगायचं ते मला ठरवायचंय आणि ठरत नाही. अडलं की मी तुझ्याकडे यायचे, भांडायला का होईना. म्हणून ही वही घेऊन तुझ्याशी बोलत बसलेय. तू मध्ये तोंड घालणार नाहीस, हे एकच नवीन.

आठवतंय का, कोजोला तुझ्या दारात मीच आणून उभं केलं होतं. विद्यापीठाच्या कचेरीत परदेशी विद्यार्थ्यांचे कागद माझ्या टेबलावर असायचे. घानाहून आलेला हा उंच, लाजरा मुलगा रोज येऊन समोरच्या बाकावर बसायचा, कारण अख्ख्या बेगमपुऱ्यात त्याला कुणी खोली देईना. कुणाची सून बाळंत होणार होती, कुणाकडे अचानक पाहुणे येणार होते, कुणाला पाण्याची अडचण होती. सगळे त्याच्या रंगाकडे बघत होते आणि अडचण मात्र प्रत्येक जण दुसरीच सांगत होता. तुझी मागची खोली रिकामी होती. मी चाचरत विचारलं. तू उंबऱ्यात उभी राहून त्याला आपादमस्तक न्याहाळलंस आणि माझ्याकडे वळून म्हणालीस, "मालती, भाडं देतो म्हणतोय ना? मग त्याच्या रंगाचं काय मला लोणचं घालायचंय?" मग त्याला विचारलंस, "भाकर खातो का?" त्याला ओ की ठो कळलं नाही. तो म्हणाला, "यस मॅडम." तू म्हणालीस, "खातोय. राहू दे."

वर्षभरात तो तुझ्याकडून थोडी मराठी आणि गल्लीतल्या पोरांकडून भरपूर दखनी शिकला. "बाई, मेरेकू नक्को, पेट फुल" असं म्हणायचा आणि तू तरीही वाढायचीस.

त्याच्या पहिल्या उन्हाळ्यातली ती दुपार. ज्वारीच्या पिठाची आंबील करून तू वाटी त्याच्या हातात दिलीस. एक घोट घेतला आणि पोराने वाटी खाली ठेवली. मला वाटलं, फार आंबट झाली. बघते तर डोळे भरलेले. "बाई, ये तो मेरी दादी का है," म्हणाला. "तुझ्या आजीचं कसं असंल? माझ्या आजीचं हाय," तू म्हणालीस. पण मग त्याला बोलतं केलंस. त्याच्या गावी धान्याचं पीठ असंच आंबवून सकाळी पेज करतात. त्या दुपारी तो गावाबद्दल पहिल्यांदाच भडाभडा बोलला. आंब्याच्या झाडाखालची शाळा. सकाळी मुलांनी भरलेली आणि दुपारी ओस, कारण भूक लागली की मुलं घरी जातात आणि घरी गेलेलं मूल कामाला लागतं, परत येत नाही. तुझ्या हातातला डाव तसाच राहिला. "माझ्या शाळंतबी हेच," तू म्हणालीस. जिल्हा परिषदेच्या शाळेवर तू नोकरीला लागलीस तेव्हा खिचडी सुरू व्हायला अजून कितीतरी अवकाश होता. मधल्या सुट्टीनंतर अर्ध्या वर्गाला शिकवून संध्याकाळी कन्नडहून येणाऱ्या एसटीने परतताना तू खिडकीबाहेर बघत बसायचीस, ते मला माहीत होतं. पण तिकडे समुद्रापार, नकाशातही न सापडणाऱ्या गावी हेच चाललंय, हे ऐकून तुझ्या जिवाची झालेली तगमग मी पहिल्यांदाच पाहिली.

मी म्हटलं, आपण काही मदत पाठवू या.

"मदत नाय," तू म्हणालीस. "इर्जिक."

मी शहरात वाढलेली, मामलेदार कचेरीतल्या कारकुनाची मुलगी. मला तो शब्द ठाऊक नव्हता. तू माझ्या अज्ञानावर मनसोक्त हसून घेतलंस आणि मग सांगितलंस. एखाद्याचं रान नांगरायचं राहिलं की शेजारीपाजारी आपापले बैल घेऊन जातात आणि एका दिवसात नांगरून देतात. मजुरी घेत नाहीत. ज्याचं रान, त्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, बस्स. उद्या दुसऱ्याचं अडलं की हाही आपली जोडी घेऊन जातो. कोजो मध्येच ओरडला, "बाई, हमारे इधर भी है! बैल नै, खाली आदमी!" तू त्याला लगेच कोंडीत पकडलंस. "मंग तुझ्या गावच्या बाया काय करतील सांग. आमी येऊ नांगरायला, पर रान तुमचं हाय." तो म्हणाला, त्यांच्याकडे काही नाही. तू म्हणालीस, "मूठ तर हाय ना? मूठभर मका घालतील. मूठ घालणार नसतील तर आमीबी येत नाय."

अशी आपली संस्था सुरू झाली. संस्था म्हणायचं आपलं. ना नोंदणी, ना अध्यक्ष, ना घटना. गल्लीतल्या आठ-दहा बायका आणि तुझी गच्ची. उन्हाळाभर पापड, कुरडया, शेवया करायच्या, विकायच्या आणि त्यातून तिकडचा दुपारचा स्वयंपाक चालवायचा. कोजो शिकून परत गेला, गावातच मास्तर झाला. त्याच्या म्हाताऱ्या आजीने तिकडच्या बायका जमवल्या, मुठी गोळा केल्या. हळूहळू स्वयंपाकाची शेड झाली, मग दोन खोल्या झाल्या. पापड लाटता लाटता तू सगळ्यांना सांगायचीस, "नीट पातळ लाटा गं, पोरं शाळंत बसायचीत याच्यावर." नवीन आलेल्या बाईला काही समजायचं नाही. ती पापडाकडे संशयाने बघायची.

आणि मग ताटं.

जेवण होतं, पण ज्याच्या घरी वाडगा नाही ते मूल लाजून येईना. आपण ठरवलं, स्टीलची ताटं द्यायची. कोजो तेव्हा कामासाठी इकडे येणार होता, पेटारा घेऊन जाणार होता. नेमकी तू भाचीच्या लग्नाला देवगाव रंगारीला गेलेली. मी बायकांना घेऊन कासारी बाजारात गेले. शेटजी म्हणाले, ताटं घेतलीत की नाव फुकट. आता आपल्या लोकांना स्टीलच्या भांड्यावर नाव फुकट मिळतंय म्हटल्यावर कोण सोडतं? मी तरी का सोडू? सगळ्यांनी आपापली माणसं आठवली. कुणाचे सासरे, कुणाचा भाऊ, कुणाची पाळण्यातच गेलेली लेक. टर्रर्र करत एकेक नाव उमटत गेलं. कै. अमुक यांच्या स्मरणार्थ.

तू परत आलीस, पेटारा उघडलास, आणि जी काही कडाडलीस! "अगं बयांनो, तिथलं लेकरू घास घेणार का तुमच्या सासऱ्याचं नाव वाचत बसणार?" मी म्हटलं, तिथे मराठी वाचणार कोण? तू म्हणालीस, कुणीच वाचणार नाय तर टाकलं कशाला? मी म्हटलं, कुणीच वाचणार नाही तर तुला राग कशाचा? बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. पण आपण दोघी हसत नव्हतो.

तुझं कारण मला माहीत होतं. एकदाच सांगितलं होतंस, एसटीत, तेही माझ्याकडे न बघता. पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि मग काही वर्षांनी तुमच्या वस्तीवर पहिली मराठी शाळा आली. खोली गावातल्या एका बड्या असामीने दिली होती, आणि दारावर दगडात त्याचं नाव होतं. सणावाराला तो आला की सगळ्या मुलांनी रांगेत उभं राहून त्याला हात जोडायचे. एका वर्षी तुझा बाप त्याच्या शेतावर कामाला गेला नाही, तर त्याने भर रस्त्यात सुनावलं होतं, "पोरगी माझ्या खोलीत शिकतीया, ध्यानात ठेव." त्या दगडाखालून तू रोज खाली मान घालून आत जायचीस. म्हणून देणगीदाराची पाटी दिसली की तुझं डोकं फिरायचं. देवळातल्या पंख्यावरचं नाव वाचूनसुद्धा तू पुटपुटायचीस, "आता वाराबी ह्याच्याच बापाचा." आणि त्या दिवशी ओरडलीस, "इर्जिकीला येणारा बैलाच्या पाठीवर नाव टाकून येतो का?"

पण माझंही कारण होतं, इंदू, आणि ते तुझ्या कारणापेक्षा लहान नव्हतं. मी परकरी होते तेव्हा आई गेली. तिचं माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं, आणि घरात तिला दोन्हीपैकी कुठल्याच नावाने कुणी हाक मारली नाही. तिचा फोटो नाही. घरावर नाव नाही, पत्रिकेत नाही, कशावरच नाही. शेटजींनी विचारलं, काय टाकू? मी म्हटलं, रमाबाई. आणि ती अक्षरं उमटली तेव्हा मला जाणवलं, की आपल्या आईचं नाव लिहिलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा बघतेय. ते ताट मी पदराने इतकं पुसलं की शेटजी म्हणाले, "बाई, झिजेल." माझी हौस नव्हती ती. जिला कुणी हाक मारली नाही तिला मी हाक मारत होते.

हे मी तुला तेव्हाही सांगितलं. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "तुझं खरं हाय. माझंबी खरं हाय. आता काय करती?" दुसऱ्या दिवशी एकटीच बाजारात जाऊन एक कोरं ताट आणलंस आणि पेटाऱ्यात सगळ्यांच्या तळाशी घातलंस. "हे माझं. ह्याच्यावर कुणाचा बाप नाय न् कुणाची आय नाय."

पेटारा गेला. आणि काही महिन्यांनी कोजोच्या फोनने तर कहरच केला. मुलांनी विचारलं, ताटावर काय लिहिलंय? कोजो पडला सत्यवादी. त्याने सांगून टाकलं, की ही त्या बायकांच्या गेलेल्या माणसांची नावं आहेत. स्वयंपाकघरातून त्याची आजी बाहेर आली. म्हणाली, म्हणजे इतक्या लांबून थोर माणसं आपल्याकडे आलीत आणि आपण त्यांच्याआधी जेवतोय? तेव्हापासून प्रत्येक मूल आपल्या ताटातल्या माणसासाठी आधी चिमूटभर घास जमिनीवर ठेवतं, मग जेवतं. "आंटी, आपकी अम्मा का ताट अकोसुआ के पास है," कोजो मला म्हणाला. "छोटी लड़की है. पहले उनकू देती, फिर खाती." मी विचारलं, मग त्या घासाचं काय होतं? तो म्हणाला, "मुर्गी खाती ना." आपल्याकडे कावळे, तिकडे कोंबड्या.

मी फोन ठेवला आणि तुझ्या गच्चीवर बसून हमसून हमसून रडले. घरी आईला श्राद्धाला वाढत, ते नुसती चाल म्हणून. पण कुठल्या कोण मुलीने भूक लागलेली असताना स्वतःच्या ताटातला पहिला घास तिला दिला होता. इतका मान तिला जिवंतपणी मिळाला नव्हता.

आणि तू काय म्हणालीस? "झालं समाधान? उपाशी लेकरांनी आता आधी तुमच्या मेलेल्यांची सरबराई करायची. माझ्या गावच्या त्या बड्या माणसात न् तुमच्यात फरक काय राह्यला मंग?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "इर्जिकीला आलेल्याला जेवू घालतात, हे तूच शिकवलंस ना? रान त्यांचं, माणसं आपली गेली नांगरायला, ते जेवू घालतायत. त्यांना तेवढंही करू द्यायचं नाही? देणारी तूच एकटी मोठी?"

तू कुरडयांची परात उचललीस आणि जिना उतरून गेलीस. माझ्याशी भांडताना तू निरुत्तर झालीस असं ते एकदाच. मला वाटलं, जिंकले. पुढे कधी विषय काढला की तू म्हणायचीस, "ऱ्हाऊ दे माले, ते भांडण मुरू दे." आपण इतकं मुरू दिलं, इतकं मुरू दिलं, की बरणी उघडायचीच राहिली.

दवाखान्यातही नाही उघडली. तुझा आवाज खोल गेला होता. तुझा लेक प्रशांत शेंद्र्याच्या कंपनीतून पाळी संपवून यायचा, तोवर दुपारी मी बसायचे. तू म्हणालीस, "माझं नाव कुठं टाकू नको." मी म्हटलं, "बघू." तू डोळे मिटूनच हसलीस. "बघू म्हणती भवानी." मला वाटलं, अजून वेळ आहे, उद्या भांडू. त्या "बघू"नंतर तुझं-माझं धड बोलणं झालंच नाही. हो म्हटलं असतं तर तू निश्चिंत गेली असतीस का? की मी हो म्हणतेय म्हणजे आपलं आता खरंच काही खरं नाही, हे तुला कळलं असतं? मला वाटतं, म्हणूनच मी हो म्हटलं नाही.

एक सांगते, रागावू नकोस. प्रशांतच्या मित्रांनी चौकात फ्लेक्स लावला होता. भावपूर्ण श्रद्धांजली, खाली तुझा जुना फोटो, एसटीच्या पासावरचा, रागीट. प्रशांत नको नको म्हणत होता. तू असतीस तर शिडी लावून स्वतः काढला असतास. मी मात्र रोज संध्याकाळी भाजीचं निमित्त काढून चौकात जायचे आणि फ्लेक्ससमोर उभी राहायचे. घरात भाजी सडतेय. काल गेले तर फ्लेक्स काढलेला, नुसते बांबू. मी घरी येऊन जेवले नाही. एवढंच हवं असतं गं मागे राहिलेल्याला. कुठेतरी जाऊन उभं राहायला, नाव असलेली जागा.

आता तुझं गुपित. तू गेल्याचं कळल्यावर कोजोचा फोन आला. आधी तर तो नुसता रडतच होता. "आंटी, मेरेकू बोलना नै आरा," म्हणाला. मग सावरून त्याने विचारलं, बाईच्या ताटाची गोष्ट तुम्हाला माहीत आहे ना? मला काही माहीत नव्हतं.

सुरुवातीला ते कोरं ताट कुणाला नकोच असायचं म्हणे. ज्याच्या वाट्याला येई ते मूल रडायचं, की माझ्या ताटात कुणीच नाही. कोजोच्या आजीने मग निवाडा केला. म्हणाली, ज्याने नाव सांगितलं नाही तो पाहुणा सगळ्यात आधी बसवायचा. शाळेत नवं मूल आलं की त्याचं पहिलं जेवण त्या ताटात. नव्या मुलाला कुणी ओळखत नसतं, आणि ताटातल्या पाहुण्यालाही कुणी ओळखत नाही, दोघं एकमेकांच्या सोबतीने जेवतील. आजी गेली, पण रीत राहिली. आज त्या गावातल्या एकूण एक मुलाचं शाळेतलं पहिलं जेवण तुझ्या ताटात झालंय.

आणि तुला हे माहीत होतं! माझ्या देखत फोनवर दोन शब्द बोलून झाले की फोन घेऊन तू आतल्या खोलीत जायचीस आणि म्हणायचीस, "रेंज नाय इथं." कोजो म्हणाला, तू दर वेळी एकच विचारायचीस, "माझ्या ताटात कोण जेवलं?" तो नव्या मुलाचं नाव सांगायचा. तू म्हणायचीस, "पोटभर जेवलं का?" आणि त्याला बजावायचीस, मालतीला सांगशील तर बघ.

काय गं, काय बिघडलं असतं सांगितलं असतंस तर? मी म्हटलं असतं, "बघ, तुलाही घास मिळतोय. तुझीही सरबराई होतेय." तेवढं एक वाक्य म्हणायला मिळावं म्हणून मी काय वाटेल ते दिलं असतं. आणि तू इतकी वर्षं ते माझ्या तोंडी येऊ दिलं नाहीस. पक्की होतीस. मी फोन ठेवून हसत सुटले, सून धावत आली, तिला वाटलं मला काही झालं. मग तिला सांगता सांगताच रडू फुटलं.

म्हणून तर कोजोला आता नाव हवंय. तिकडच्या बायका म्हणतात, ती पाहुणी गेली ना, मग आता तरी तिचं नाव कळू दे, त्या कोऱ्या ताटावर खिळ्याने कोरू. मी कागद घेतला, लिहिलंही. इंदू. दोनच अक्षरं. आपल्या मंडळातल्या बायका नाव मागतायत, कासारी बाजारातला तो मुलगा मागतोय, कोजो मागतोय. आणि सगळ्यांत जास्त कुणाला हवंय ते तुला सांगायला नको.

इथवर लिहिलं आणि फोन आलाच.

इंदू, मी नको म्हटलं.

म्हणजे, आधी हो म्हणायलाच तोंड उघडलं होतं. पण पलीकडून मुलांचा गलका ऐकू येत होता, तिकडे जेवणाची सुट्टी होती. मी विचारलं, आज त्या ताटात कोण आहे? तो म्हणाला, नवीन मुलगी आहे, शेजारच्या वाडीवरची, आज पहिलाच दिवस, कुणाशी बोलत नाही, पण जेवतेय. माझ्या डोळ्यांसमोर ती आली आणि तूही आलीस, त्या दगडाखालून मान घालून आत जाणारी. मी म्हटलं, "कोजो, कुछ मत लिखो. कोरंच राहू दे."

तो हट्टाला पेटला. "आंटी, नाम नै रहा तो भूल जाएंगे." हेच तर मी तुला इतकी वर्षं सांगत होते, माझंच वाक्य तो मला ऐकवत होता. तो म्हणाला, "बच्चों कू क्या बोलूं? कौन थी?"

मी म्हटलं, "बोल, इर्जिकीला आलेली बाई होती. रान नांगरून घरी गेली."

त्याला समजलं. तो म्हणाला, "हौ आंटी."

उद्या कासारी बाजारात जाऊन त्या मुलालाही सांगणार आहे, की एक ताट कोरं दे. बायका माझ्यावर चिडतील, म्हणतील, मैत्रीण म्हणवते आणि साधं नाव टाकत नाही. म्हणू देत. रमाबाईंचं ताट तिकडे आहे, तुझंही आहे, शेजारी शेजारी उपडी घालून ठेवत असतील धुतल्यावर. तुम्ही दोघी बोला आता.

तू जिंकलीस, इंदू. मी सरळ शब्दांत, कुठलीही मखलाशी न करता म्हणतेय, आणि नेमकं हे ऐकायला तू नाहीस. घर खायला उठलंय. उडीद भिजत घालायचे दिवस आलेत, गच्चीवर जायला माझे पाय धजत नाहीत. एकदा ये. माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहा आणि म्हण, "बघ माले, म्हटलं नव्हतं?" मी एका शब्दाने उलटून बोलणार नाही.

बोलले, तरी ये.